सोन्याची पहिली खरेदी

(खोर फक्कान येथील कौटुंबिक स्नेहमेळाव्यात दिलेले व्याख्यान)





आपल्या मेळाव्यांतून धम्म, शिक्षण, संघटन आणि साहित्य या विषयांवर वेळोवेळी विचारमंथन होत असते. त्या मानाने आजचा माझा विषय काहीसा बाजारी वाटण्याचा संभव आहे. सोने कसे घ्यावे, हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. परंतु वस्तुस्थितीकडे आपण डोळेझाक करू शकत नाही. या किनाऱ्यावर बंदरात, गॅरेजमध्ये, रुग्णालयात अथवा एखाद्या कंपनीच्या कार्यालयात काम करणारा आपला तरुण दोन वर्षे काटकसर करून जी पहिली शिल्लक गाठीला बांधतो, तिचा मोठा वाटा बहुधा सोन्यात जातो. रजेवर जाण्यास महिना उरला की गावाकडून निरोप येतो : बहिणीचे लग्न ठरले आहे, दोन तोळे घेऊन ये. मग तो दुकानात जातो, काचेखालचा एक डाग पसंत करतो आणि वर्षभराच्या घामाचे पैसे अर्ध्या तासात मोजून बाहेर पडतो. आपण नेमके काय घेतले, त्यात सोने किती, मजुरी किती आणि कर किती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सराफाकडे जाणे-येणे आहे, त्यांना हे ज्ञान घरातच मिळते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात सोने घेणारी ही पहिलीच पिढी आहे. म्हणून हे ज्ञान आपण सभेत बसून एकमेकांना दिले पाहिजे.

अंगावरच्या सोन्याचा इतिहास

आपल्या समाजात सोने उशिरा आले, त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात इंदूर भागातील बलाई समाजाची हकिगत दिली आहे. तेथील सवर्णांनी बलाईंवर जे नियम लादले, त्यांची बातमी जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती. त्या नियमांत एक कलम असे होते की, बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. बलाईंनी नियम मानण्यास नकार दिला, तेव्हा त्यांचे विहिरीचे पाणी बंद झाले, गुरांना चराई बंद झाली आणि वहिवाटीचे रस्ते अडविले गेले. दागिना हा ऐपतीचा प्रश्न नव्हता, तर तो अधिकाराचा प्रश्न होता, हे यावरून स्पष्ट होते.

त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोट-पाटल्या ही तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटविणारी खूण आहे, ती टाकून द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. अलंकार घालायचाच झाला तर सोन्याचा घालावा, नाही तर मुळीच घालू नये, असेही त्यांनी सांगितले. या उपदेशाचे दोन भाग आहेत. सोने घालण्याचा तुम्हाला अधिकार आहे, हा पहिला. सोन्यावाचूनही तुमच्या प्रतिष्ठेत काही उणे नाही, हा दुसरा. आपण पहिला भाग लक्षात ठेवला. दुसऱ्याचे विस्मरण होऊ लागले आहे की काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

येथे आणखी एका गोष्टीचे स्मरण करून देणे उचित ठरेल. सोने आणि चलन हा बाबासाहेबांच्या सखोल अभ्यासाचा विषय होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९२५ साली भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रुपया अमर्याद पाडण्याची सरकारची मोकळीक बंद करावी आणि सोन्याचे नाणे पाडण्यासाठी टांकसाळ उघडावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामागची चिंता सामान्य माणसाची होती : हाती आलेल्या पैशाने बाजारात किती वस्तू मिळतात, यावर पैशाची खरी किंमत ठरते. दागिने घ्यावेत की नाहीत, हा त्या ग्रंथाचा विषय नाही आणि त्यांचे नाव घेऊन तसा सल्ला कोणी देऊही नये. परंतु ‘या पैशाच्या बदल्यात मला प्रत्यक्ष काय मिळाले?’ ही दृष्टी आपण दुकानात जाताना सोबत न्यावी.

हा किनारा आणि सोने

आपण ज्या भूमीवर उपजीविका करीत आहोत, तिचे आणि भारताचे सोन्याचे नाते जुने आहे. आपले खोर फक्कान शारजा अमिरातीचे, परंतु हजर पर्वताच्या पलीकडे, ओमानच्या आखातावर वसलेले. एकेकाळी या सर्व प्रदेशात भारतीय रुपयाच चालत असे. स्वातंत्र्यानंतर भारताने सोन्याच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा दुबईतून गलबतांनी पश्चिम किनाऱ्यावर चोरटे सोने जाऊ लागले. त्याच्या मोबदल्यात आलेले रुपये परत भारताकडे येत आणि त्यांच्या बदल्यात परकीय चलन द्यावे लागे. ही गळती थांबविण्यासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातात चालणाऱ्या वेगळ्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर येथील राज्यांनी रुपया सोडला आणि १९७३ साली अमिरातींचा दिरहम आला.

भारतातही या काळात सोन्यावर कडक बंधने होती. जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास मनाई केली आणि असंख्य सोनारांचा धंदा बसला. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून उघडपणे सोने नेण्याची मुभा मिळाली. म्हणजे आपण ज्या मोकळेपणाने सोने घेऊन घरी जातो, तो काही दशकांपूर्वीच मिळालेला आहे. आणि त्याला अजूनही मर्यादा आहेत, त्यांच्याकडे मी पुढे येईन.

कस, वजन आणि भाव

आता खरेदीकडे वळू. शुद्ध सोने २४ कॅरटचे. त्यावर ९९९ किंवा ९९९.९ असा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत तितके भाग सोने. २२ कॅरटवर ९१६, २१ कॅरटवर ८७५ आणि १८ कॅरटवर ७५० हा ठसा असतो. आपल्याकडचे दागिने बहुधा २२ कॅरटचे असतात. अरब ग्राहकांत २१ कॅरटची आवड मोठी आहे. त्यामुळे एकाच काचपेटीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असू शकतात. रंगावरून कस ओळखण्याच्या भरीस पडू नये. ठसा भिंगातून पाहावा आणि तोच आकडा पावतीवर लिहिलेला आहे की नाही, हे तपासावे.

वजनाच्या बाबतीत आपला घोटाळा ‘तोळा’ या शब्दामुळे होतो. जुना तोळा म्हणजे १२ मासे, ग्रॅममध्ये सुमारे ११.६६४. आखाती बाजारात ‘दहा तोळा’ म्हणून ओळखले जाणारे बिस्कीट याच मापाचे, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचे असते. महाराष्ट्रात मात्र आज बोलताना १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. घरून ‘तीन तोळे’ असा निरोप आला तर ३० ग्रॅम की ३५, हे आधी विचारून घ्यावे. दुकानात तोळ्याची भाषा न बोलता ग्रॅमची बोलावी.

भावाविषयी एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. येथे सोन्याचा दर ग्रॅममागे दररोज जाहीर होतो आणि दुकानात फलकावर लावलेला असतो. दर जागतिक बाजारावर चालतो. दिरहम डॉलरशी बांधलेला असल्यामुळे डॉलरमधील चढउतार येथे जसाच्या तसा उमटतो. फलकावरच्या दरात फारसा फरक नसतो. खरा फरक पडतो तो घडणावळीत, आणि घासाघीस होते तीही तेथेच. केवळ भाव स्वस्त मिळेल या समजुतीने डोंगर ओलांडून शारजाला किंवा दुबईत देराच्या बाजारात जाण्याची आवश्यकता नाही. तेथे नमुने अधिक मिळतात, दुकानांत स्पर्धा असते, हे खरे. पण आपल्याच गावातील दुकानाचा एक लाभ असा की, काही अडचण आली तर पावती घेऊन दुसऱ्याच दिवशी तेथे जाता येते.

घडणावळीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरटचा भाव ग्रॅमला १०० दिरहम धरू; प्रत्यक्षातील भाव याहून कितीतरी अधिक आहे. आपण २० ग्रॅमची साखळी घेतली. सोन्याचे २,००० दिरहम झाले. घडणावळ १० टक्के धरली तर २०० दिरहम. एकूण २,२०० वर ५ टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे ११० दिरहम. हा कर येथे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आहे आणि त्याचा परतावा पर्यटकांसाठी आहे, येथे राहणाऱ्यांसाठी नाही. आपण २,३१० दिरहम मोजले.

आता समजा, घरी आजारपण निघाले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच भावाने ती साखळी मोडावी लागली. दुकानदार घडणावळ परत देत नाही, करही देत नाही. तो सोन्याचे २,००० धरील आणि त्यातून समजा २ टक्के घट कापील. हाती येतील १,९६० दिरहम. भाव जागचा हलला नाही, तरी ३५० दिरहम गेले, म्हणजे शेकडा १५. दागिन्यात खडे असतील आणि खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने लावलेले असेल, तर तोटा आणखी वाढतो. कारण मोडताना खडे बाजूला काढूनच वजन होते.

याउलट, तेवढ्याच किमतीचे २४ कॅरटचे बिस्कीट किंवा वळे घेतले तर? ९९ टक्के अथवा त्याहून अधिक शुद्धतेच्या गुंतवणुकीच्या सोन्यावर येथे कराचा दर शून्य आहे. घडणावळ नाममात्र, ती २ टक्के धरू. २,००० चे सोने २,०४० ला पडले. मोडताना १ टक्का घट गेली तर १,९८० मिळाले. तोटा ६० दिरहमचा, शेकडा ३ इतका. लहान नाण्यांवर घडणावळीचे प्रमाण अधिक पडते; एक-एक ग्रॅमची दहा नाणी घेण्यापेक्षा दहा ग्रॅमचे एक वळे घेणे सोयीचे.

यावरून दागिना घेऊ नये, असा निष्कर्ष मी काढीत नाही. आईच्या गळ्यात बोरमाळ पाहण्याचे समाधान शेकडा पंधरात मोजता येत नाही, आणि ज्यांच्या आजीला ती घालण्याची सोय नव्हती, त्यांना तर नाहीच नाही. माझे म्हणणे एवढेच की, अंगावर घालण्याचे सोने आणि अडीअडचणीसाठी ठेवण्याचे सोने या दोन निरनिराळ्या खरेद्या आहेत. यांपैकी कोणती करायला आपण निघालो आहोत, हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ठरवा. हौसेचा दागिना घ्या आणि त्याची मजुरी हौसेच्या खात्यात लिहा. परंतु तीच बचत आहे, अशी स्वतःची समजूत घालू नका.

दुकानात गेल्यावर पाच गोष्टी कराव्यात. फलकावरचा दर स्वतः वाचावा. डाग आपल्यासमोर काट्यावर ठेवायला सांगावा. खड्यांचे वजन वेगळे विचारावे. घडणावळ एकूण किमतीत मिसळू न देता स्वतंत्र सांगायला लावावी, म्हणजे ती कमी करण्याविषयी बोलता येते. आणि पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘हाच डाग मी आज परत दिला, तर मला किती द्याल?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात दागिन्याचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. पावतीवर तारीख, वजन, कस, दर, घडणावळ, कर आणि दुकानाचा कर-नोंदणी क्रमांक असावा. पावतीची एक प्रत गावी असावी आणि एक येथे.

घरी नेताना

विमानतळावर पोहोचल्यावर दुसरा हिशेब सुरू होतो. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या भारतीय प्रवाशाला स्वतःच्या सामानात काही सोन्याचे दागिने विनाशुल्क नेता येतात : पुरुषाला २० ग्रॅम, स्त्रीला ४० ग्रॅम. २०१६ च्या नियमांत या वजनासोबत किमतीचीही अट होती : पुरुषाला ५० हजार रुपये आणि स्त्रीला १ लाख. सोन्याचा भाव चढत गेला तशी ती अट इतकी तोकडी पडली की, वजनाची सवलत कागदावरच उरली. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत किमतीची अट काढून केवळ वजनाची ठेवण्यात आली. असे नियम आणि दर अर्थसंकल्पाबरोबर बदलत असतात. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वी सीमाशुल्क विभागाची ताजी माहिती पाहून घ्यावी, गेल्या खेपेच्या आठवणीवर विसंबू नये.

ही सवलत दागिन्यांना आहे. नाणे, वळे, बिस्कीट यांना ती नाही. त्यांच्यावर पहिल्या ग्रॅमपासून शुल्क लागते. सहा महिन्यांहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या प्रवाशाला दागिन्यांसह एक किलोपर्यंत सोने सवलतीच्या दराने शुल्क भरून नेता येते आणि ते शुल्क परकीय चलनात भरावे लागते. त्याहून कमी मुक्काम असणाऱ्यास दर पुष्कळच जड पडतो. सोन्यावरील आयातशुल्क जुलै २०२२ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत चढविले गेले होते. जुलै २०२४ मध्ये ते ६ टक्क्यांवर आणले गेले.

येथे एक गमतीची स्थिती उद्भवते. दागिना येथे महाग पडतो, पण मर्यादेत असेल तर तिकडे विनाशुल्क जातो. बिस्कीट येथे स्वस्त पडते, पण तिकडे शुल्क मागते. मगाच्याच उदाहरणात ६ टक्के दराने शुल्क धरले, तर २,००० दिरहमच्या बिस्किटावर १२० दिरहम होतात. भारतातील भावात आयातशुल्क मिसळलेलेच असते, त्यामुळे भरलेल्या शुल्काचा बराच भाग तेथे विकताना भरून येतो. तेव्हा शुल्क भरण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मर्यादेपेक्षा अधिक सोने असेल तर लाल मार्गाने जावे, जाहीर करावे, शुल्क भरावे आणि पावती जपून ठेवावी. ती पावती पुढे सोन्याइतकीच मोलाची ठरते.

भारतात आता हॉलमार्कचा नियम कडक झाला आहे. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला सहा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक असलेलाच दागिना विकता येतो. आपण येथून नेलेल्या डागावर तो क्रमांक नसतो. त्यामुळे तो बाळगण्यास अथवा मोडण्यास बाधा येत नाही. परंतु गावचा सराफ टंच काढल्याशिवाय किंमत सांगणार नाही आणि आपल्या हाती पावती नसेल तर त्याच्या शब्दावरच राहावे लागेल.

दुसऱ्याचे सोने

आता जे सांगतो, ते विशेषतः तरुणांनी मन लावून ऐकावे. रजेवर निघालेल्या माणसाला गाठून कोणीतरी म्हणतो, ‘एवढी पुडी माझ्या भावाला द्या, तो विमानतळावर घ्यायला येईल.’ कोणी तिकिटाचे पैसे देऊ करतो. कोणी गावचा असतो, कोणी आपल्याच बोलीत बोलणारा. दोन देशांतील भावात शुल्कामुळे पडणाऱ्या अंतरावर हा सारा व्यवहार चालतो. त्याचा नफा पुडी देणाऱ्याला मिळतो आणि जोखीम नेणाऱ्याच्या माथी येते. सोने पकडले गेले तर ते जप्त होते, दंड होतो, अटक होऊ शकते, खटला चालतो आणि येथील नोकरीवर पाणी सोडावे लागते. ज्या घरातून एकच माणूस परदेशी आलेला आहे, त्या घराची चूल त्या एका पुडीवर विझू शकते. ‘आत काय आहे मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून ज्याची पावती माझ्या नावाची नाही, ते सोने माझ्या सामानात नाही, असा नियमच करावा. नातेवाईक रागावला तर रागावू द्यावा.

सोने कोणाचे?

घरी पोहोचलेले सोने कोणाच्या मालकीचे, याविषयीही आपल्याकडे अज्ञान आहे. स्त्रीला माहेराहून, सासरहून अथवा पतीकडून भेट म्हणून मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन होय. पती-पत्नी एकत्र राहिल्याने त्यावर पतीची मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब किती झगडले आणि १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी त्या बिलाची उपेक्षा हे एक कारण सांगितले, हे आपण जयंतीला सांगतो. तेच आपल्या कपाटातही दिसले पाहिजे. पत्नीसाठी घेतलेल्या दागिन्याची पावती पत्नीच्या नावे करावी, आणि तिच्या संमतीवाचून तिचा डाग गहाण पडू नये.

लग्नाच्या सोन्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, त्रिसरण-पंचशील घेऊन, पुष्पहार घालून होणाऱ्या आपल्या विवाहविधीला एका गुंजेचेही सोने लागत नाही. आनंदाने दिलेली भेट निराळी. पण ‘मुलगा दुबईला आहे, एवढे तोळे घालाच’ अशी वरपक्षाची मागणी झाली, अथवा ‘भाऊ आखातात आहे’ म्हणून वधूपक्षाने कर्ज काढून सोने दाखविले, तर तो हुंडाच आहे, आणि १९६१ पासून तो कायद्याने गुन्हा आहे.

किती घ्यावे, केव्हा घेऊ नये

शेवटी क्रमाचा विचार करू. येथे येण्यासाठी व्याजाने पैसे काढले असतील, तर ते फिटेपर्यंत सोन्याकडे पाहू नये. सावकाराचा दर शेकडा तीन रुपये महिना असेल, तर वर्षाला छत्तीस टक्के होतात. तितकी वाढ सोने दरवर्षी देईल, असे वचन कोणीही देऊ शकत नाही. कर्जानंतर घरच्या सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत असावी, कारण कंत्राट संपल्याची नोटीस सांगून येत नाही. त्यानंतर मुलांचे शिक्षण. त्यातून जे उरेल, त्याचा काही भाग सोन्यात जावा.

सोने कधी उतरतच नाही, ही समजूतही तपासून पाहावी. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात एका औंसाचा भाव ८५० डॉलरपर्यंत चढला होता. नंतर तो असा घसरला की, १९९९ मध्ये २५० डॉलरच्या आसपास आला. १९८० च्या शिखरावर घेणाऱ्याला तोच आकडा पुन्हा पाहण्यासाठी २००८ पर्यंत थांबावे लागले. अठ्ठावीस वर्षांत मूल जन्मते, शिकते आणि संसाराला लागते. २०११ मध्ये भाव १,९०० डॉलरपर्यंत जाऊन २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या जवळ आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने ४,००० चा टप्पा ओलांडला. चढत्या भावाच्या बातम्या वाचून सारी शिल्लक एकाच दिवशी दुकानात ओतणे जोखमीचे आहे. दर तीन-चार महिन्यांनी थोडेथोडे घ्यावे, म्हणजे चढा आणि उतरता असे दोन्ही भाव आपल्या वाट्याला येतात. सोने व्याज देत नाही, हे लक्षात असावे. बँकेतील ठेव देते.

दुकानदाराकडे महिन्याला हप्ते भरून वर्षाअखेरीस दागिना घेण्याच्या योजनाही असतात. त्यांत घडणावळीची सवलत मिळते. परंतु वर्षभर आपले पैसे त्या दुकानाकडे असतात, आणि दुकान बुडाले तर आपण धनकोंच्या रांगेत उभे राहतो. हप्ताच भरायचा असेल तर तो स्वतःच्या बँकखात्यात भरावा. आणि घेतलेले सोने आठ माणसांच्या खोलीतील पेटीत ठेवू नये. रजेच्या थोडे आधीच खरेदी करावी आणि घरी पोहोचताच बँकेच्या लॉकरची सोय पाहावी.

बंधू-भगिनींनो, ज्या समाजातील स्त्रियांना सोने घालण्याची मनाई होती, त्या समाजाची मुले आज सोन्याच्या बाजारात ताठ मानेने उभी राहतात, हा एक मोठा सामाजिक पल्ला आहे. तो बाबासाहेबांच्या आणि आपल्या पूर्वजांच्या संघर्षाने गाठला गेला. आता एक पाऊल पुढे टाकू या. सोने समजून घेऊन घ्यावे, पावतीसह घ्यावे, उजळ माथ्याने घरी न्यावे आणि ज्याचे आहे त्याच्या नावाने ठेवावे. आणि ज्या वर्षी मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क आणि गळ्यातला हार यांतून एकाची निवड करावी लागेल, त्या वर्षी निःशंकपणे शुल्क भरावे. महाडला सांगितलेल्या उपदेशाचा दुसरा भाग तोच आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!